शुश्रूषागृहाची पारख : गाळप आणि उतारा

(न्यासाच्या वार्षिक सभेत सोमेश्वरनगर येथे एका निवृत्त अधिसेविकेने दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



वार्षिक सभेत व्याख्यानासाठी एखाद्या नामवंत शल्यविशारदास पाचारण करावे, अशी आपल्याकडे रीत आहे. यंदा विश्वस्तांनी ती बाजूला ठेवून एका निवृत्त अधिसेविकेस येथे उभे केले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. चौतीस वर्षे मी शासकीय रुग्णालयांच्या कक्षांतून वावरले. माझे माहेर नीरा डाव्या कालव्याच्या काठचे, त्यामुळे हा परिसर मला परका नाही. विषय मात्र मला अवघड दिला आहे : शुश्रूषागृहातील सेवेचा दर्जा कसा ओळखावा? डॉक्टरांना हा प्रश्न विचारला असता, तर त्यांनी कदाचित यंत्रसामग्रीपासून आरंभ केला असता. मी दुसऱ्या टोकाकडून आरंभ करणार आहे, आणि त्यातील एक-दोन गोष्टी विश्वस्तांना कडू लागण्याचा संभव आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवते.

तयारीसाठी मला न्यासाचे मागील काही वार्षिक अहवाल वाचावयास मिळाले. बाह्यरुग्ण किती, आंतररुग्ण किती, शस्त्रक्रिया किती, प्रसूती किती, क्ष-किरण तपासण्या किती, नेत्रशिबिरे किती, सारे कोष्टकांत नीटनेटके मांडलेले आहे. शेवटी देणगीदारांची नामावली आहे. हे वाचताना मला शेजारच्या साखर कारखान्याचे अहवाल आठवले. आमचे वडील ऊस उत्पादक सभासद होते. अहवाल घरी आला की ते प्रथम दोन आकडे शोधीत. पहिला गाळपाचा : हंगामात किती टन ऊस गाळला. दुसरा उताऱ्याचा : शंभर किलो उसातून साखर किती निघाली. गाळपाचा आकडा ते वाचीत आणि पुढे जात. उताऱ्याच्या आकड्यावर मात्र बोट ठेवून थांबत. आजही उसाची एफआरपी उताऱ्याशीच बांधलेली आहे. या भागातला शेतकरी दशांशाच्या फरकावरून सभेत उभा राहून प्रश्न विचारतो, आणि संचालकांना उत्तर द्यावे लागते.

आपल्या अहवालांत गाळप आहे, उतारा कोठेच नाही. किती रुग्ण आले हे कळते. पण जे आले त्यांचे पुढे काय झाले, हे कळत नाही. हे केवळ आपल्याच न्यासाविषयी मी म्हणत नाही. महाराष्ट्रातील ज्या धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांचे अहवाल माझ्या हाती आले, त्यांतील बहुतेकांची हीच स्थिती आहे.

आता ‘शुश्रूषागृह’ या शब्दाविषयी थोडे. इंग्लंड-अमेरिकेत नर्सिंग होम म्हटले की वृद्ध व परावलंबी माणसांना कायमचे सांभाळणारी संस्था डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे दहा-वीस खाटांचे, बहुधा एखाद्या डॉक्टर दांपत्याचे रुग्णालय. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. ज्या कायद्याखाली त्याची नोंदणी होते, तो १९४९ सालचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. परंतु अलीकडे हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळू लागले आहेत. मुले पुण्याला, चाकणला नोकरीस. घरी सत्तरी ओलांडलेली जोडपी. खुब्याचे हाड मोडलेली आजी, अर्धांगाचा झटका आलेले आजोबा आपल्या खाटांवर आठवडेच्या आठवडे असतात. त्यांना औषधापेक्षा शुश्रूषेची गरज अधिक असते. आणि या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ पाहा : शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. सेवा हा त्याचा नंतरचा अर्थ.

कायदा काय पाहतो? नोंदणी आहे का, दर तीन वर्षांनी नूतनीकरण होते का, पात्र डॉक्टर आणि पुरेशा पात्र परिचारिका आहेत का, हे तो पाहतो. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले. देयक थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येणार नाही, हेही स्पष्ट झाले. शिवाय राष्ट्रीय पातळीवर २००५ साली स्थापन झालेले एनएबीएच मंडळ ज्यांना हवे त्यांना मानांकन देते. हे सारे स्वागतार्हच आहे. रुग्णांच्या नातेवाइकांनी दर्शनी भागातील ती सनद अवश्य वाचावी. बहुतेक जण तिच्यावर पाठ टेकून बसलेले मी पाहते.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात अवेडिस डोनाबेडियन नावाचे एक अभ्यासक होऊन गेले. बैरुत येथे आर्मेनियन कुटुंबात जन्मलेल्या या डॉक्टरांनी १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेच्या मूल्यमापनावर एक निबंध लिहिला. सेवेचा दर्जा तीन ठिकाणी पाहावा, असे त्यांनी मांडले : रचनेत, प्रक्रियेत आणि फलितात. इमारत, यंत्रे, माणसे ही रचना. रुग्णासाठी प्रत्यक्ष जे केले जाते ती प्रक्रिया. आणि शेवटी रुग्णाचे जे होते ते फलित. कायद्याचे निरीक्षक मुख्यतः रचना पाहतात. आपण नातेवाईकही रचनाच पाहतो, किंबहुना तिचा वरचा मुलामाच पाहतो : फरशी, वातानुकूलन, दारावरच्या पदव्या. मी स्वतः याला अपवाद नव्हते, आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली. ती हकिकत मी आजवर कोणत्याही व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

आईचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात नेमणुकीवर होते. भावाने तिला शहरातील एका चांगल्या नावाच्या शुश्रूषागृहात नेले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्या शल्यविशारदांच्या हाताला मी आजही नमस्कार करीन. दोन दिवसांची रजा काढून मी भेटीस गेले. स्वागतकक्षात माशांची काचपेटी होती, फरशीत तोंड दिसत होते. सवयीप्रमाणे मी खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तक्ता पाहिला. ताप, नाडी, श्वसन, रक्तदाब सर्व वेळच्या वेळी नोंदलेले. ‘पाठीची निगा, कूस बदलली’ या रकान्यात दर दोन तासांनी खूण. माझे समाधान झाले. मी आईला सांगितले, “इथं व्यवस्थित आहे हं सगळं,” आणि कामावर परतले.

नवव्या दिवशी तिला घरी आणले. अंघोळ घालताना वहिनीने मला हाक मारली. माकडहाडावर तळहाताएवढा शय्याव्रण पडला होता आणि मधले कातडे काळे झाले होते. असा व्रण एका दिवसात पडत नाही, हे मला कोणी सांगावयास नको होते. मी त्याच संध्याकाळी शुश्रूषागृहात जाऊन तो तक्ता मागवला आणि या खेपेस नीट पाहिला. दिवसपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी, नऊ दिवस, आणि सगळ्या खुणा एकाच शाईच्या, एकाच हाताच्या. कोणी तरी एका बैठकीत त्या भरून टाकल्या होत्या. तीन पाळ्यांच्या तीन परिचारिका असतात, त्यांचे तीन हात असतात, हे मला पहिल्या दिवशीच दिसावयास हवे होते. मी खुणा पाहिल्या, हात पाहिला नाही.

आईला विचारले, “अगं, रात्री घंटा का नाही वाजवलीस?” ती म्हणाली, “एकच पोर होती गं रात्रीला. एवढीशी. तिला किती वेळा उठवायचं?”

ती ‘पोर’ कोण, याची मी चौकशी केली. प्रशिक्षित परिचारिका नव्हतीच. बारावीनंतर कामास लागलेली, पांढरा कोट घातलेली, चौदा रुग्णांवर एकटी. सगळे तिला सिस्टर म्हणत. राग मला तिचा आला नाही. ज्यांनी तिला तेथे एकटे उभे केले, त्यांचा आला. आणि थोडा स्वतःचाही आला. तो व्रण भरून यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आई पुन्हा चालू लागली असती, ती लागली नाही.

तेव्हापासून कोणी मला ‘अमुक नर्सिंग होम कसे आहे’ असे विचारले, की मी सांगते, दिवसा जाऊ नका. रविवारी रात्री जा. परिचारिका किती आहेत आणि खाटा किती भरल्या आहेत, हे मोजा. त्यांतील महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेल्या किती, हे विचारण्यात संकोच बाळगू नका. खऱ्या परिचारिकेला त्या प्रश्नाचा राग येत नाही, अभिमान वाटतो. घंटा वाजल्यावर कोण येते आणि केव्हा येते, ते पाहा. प्राणवायूचे नळकांडे पाहून भागत नाही, ते उघडण्याची किल्ली त्याच्या गळ्यात दोरीने बांधलेली आहे का, ते पाहा. किल्ली जर कार्यालयातील कपाटात असेल, तर ते नळकांडे रुग्णाच्या दृष्टीने रिकामेच. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना परिचारिका हात धुते का, आणि धुवायचा म्हटला तर नळ किती पावलांवर आहे? वापरलेली सुई कोठे पडते? पाळी बदलताना जाणारी परिचारिका येणारीला खाटेपाशी उभे राहून रुग्ण सोपवते, की जिन्यात चालता चालता? याला आमच्यात ‘चार्ज देणे’ म्हणतात. चार्ज जिन्यात दिला जातो तेथे चुका खाटेवर होतात. आणि ज्या म्हाताऱ्या माणसाला भेटायला कोणीच येत नाही, त्याच्या पाण्याचा तांब्या त्याच्या हाताला पोहोचेल असा ठेवला आहे का, तेही पाहा. मला एकच गोष्ट पाहण्याची मुभा दिली, तर मी तो तांब्या पाहीन.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत, असेही म्हटले आहे : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी जिव्हाळा आणि शुचिता. यांपैकी ज्ञान परीक्षेने तपासता येते आणि शुचिता डोळ्यांनी दिसते. उरलेले दोन गुण माणसे पुरेशी असतील तरच टिकतात. चौदा रुग्णांवर एकट्या मुलीचा जिव्हाळा पहाटे तीनपर्यंत आटतो; त्याला ती मुलगी काय करणार?

ही माझी एकटीची समजूत नाही. पेनसिल्व्हानिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेवरील सरासरी भार एका रुग्णाने वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. येथे देणगीदार बसले आहेत म्हणून स्पष्ट बोलते. सोनोग्राफीचे यंत्र द्यावयास पुष्कळ दाते पुढे येतात, खोलीवर आई-वडिलांचे नाव लावता येते. रात्रपाळीच्या परिचारिकेवर संगमरवरी पाटी लावता येत नाही. तिचे वेतन दरमहा द्यावे लागते, आणि त्याचे उद्घाटनही होत नाही. परंतु आपल्या पैशाने सर्वाधिक जीव कोठे वाचतील असे आपण मला विचाराल, तर मी त्या न लागणाऱ्या पाटीकडे बोट दाखवीन.

अमेरिकेने आपल्या वृद्ध शुश्रूषागृहांसाठी १९८७ मध्ये कायदा केला. प्रत्येक रहिवाशाची ठरावीक काळाने तपासणी, माणसाला सोयीसाठी खाटेला बांधून ठेवण्यास बंदी आणि पूर्वसूचना न देता होणारी पाहणी, अशा तरतुदी त्यात आल्या. आपल्याकडे उसाच्या वजनकाट्यावर भरारी पथक येते, त्यातलाच हा प्रकार. २००८ पासून तेथे शुश्रूषागृहांना एक ते पाच तारे देऊ लागले. परंतु आपल्याकडे माणसे किती, हे पुष्कळ वर्षे संस्था स्वतःच कळवीत. २०१६ पासून वेतनपटावरून आकडे घेणे सुरू झाले, तेव्हा अनेक ठिकाणी कळवलेल्यापेक्षा माणसे कमी निघाली, आणि शनिवार-रविवारी तर फारच कमी. आईच्या तक्त्यावरील त्या एका शाईची मला आठवण झाली. कागद भरणारा आणि काम करणारा एकच असेल, तर कागदावर विसंबू नये, एवढाच त्याचा अर्थ.

येथपर्यंत मी प्रक्रियेविषयी बोलले. आता ज्या गोष्टीसाठी मी हे निमंत्रण स्वीकारले, तिच्याकडे येते. समजा, एखाद्या शुश्रूषागृहात सारे काही चोख आहे. परिचारिका पुरेशा, हात धुतलेले, शस्त्रक्रिया स्वच्छ, टाके वेळेवर काढले, रुग्ण चालत घरी गेली. तरीही तेथील सेवा वाईट असू शकते काय? असू शकते, आणि हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे.

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आपल्या परिसरात टोळ्या उतरतात. बीड, अहिल्यानगर आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून बैलगाड्या, ट्रॅक्टर येतात. उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत चढतो. कोपीला न्हाणीघर नाही, शौचालय नाही. अशा स्थितीत अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास या तक्रारी घेऊन बाई गावी परतल्यावर तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये जाते. पुष्कळ जणींना तेथे सांगितले गेले, की पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. बायकांनी पिशव्या काढून घेतल्या. त्यासाठी पुन्हा उचल घेतली.

२०१९ च्या एप्रिलमध्ये हा विषय वृत्तपत्रांतून पुढे आला. जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे जवळपास दर सहा जणींत एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१५-१६ मध्ये, देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट सारखे नसतील, तुलना जपून करावी, हे मला मान्य आहे. परंतु इतक्या अंतराचा खुलासा केवळ वयाने होत नाही.

सगळ्याच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे कोणी म्हणू नये. मीही म्हणत नाही. रक्तस्रावाने पांढऱ्याफटक पडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना त्या शस्त्रक्रियेने जीवदान मिळालेले पाहिले आहे. परंतु यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया ज्या-त्या शुश्रूषागृहाच्या नोंदवहीत यशस्वी म्हणूनच लिहिली गेली असणार. जखम भरली, रुग्ण पाचव्या-सातव्या दिवशी घरी गेली. गाळप उत्तम. ही शस्त्रक्रिया या बाईला लागत होती काय, आधी सोनोग्राफी झाली काय, गोळ्यांनी भागले असते काय, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले काय, हे प्रश्न कोणत्याच रकान्यात नव्हते. आणि पुढल्या हंगामात ती बाई कोठे होती? पाऊणशे-ऐंशी मैलांवर, कदाचित याच कालव्याच्या काठी, डोक्यावर मोळी घेऊन. तिशी-पस्तिशीत गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर पाळी एकदम बंद होते, हाडे अकाली झिजतात, अंगात आग होते, कंबर साथ देत नाही. तिच्या दुखण्याची नोंद ज्या गावच्या वहीत व्हायला हवी, तेथे ती सहा महिने नसतेच. आणि जेथे असते, त्या गावची ती नसते.

समितीनंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन खासगी रुग्णालयांवर आले. इतर राज्यांतील अशाच तक्रारींवरून सर्वोच्च न्यायालयापुढे प्रकरण गेले, आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. हे योग्यच झाले. मला मात्र राहून राहून वाटते, की त्या ९९ रुग्णालयांपैकी एकाने जरी आपल्या रुग्णांना वर्षानंतर विचारले असते, ‘बाई, आता कशी आहेस?’, तर ही गोष्ट वृत्तपत्रांच्या आधी त्यांनाच कळली असती.

असे विचारणारा एक डॉक्टर होऊन गेला. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड करावे, त्याला वर्षानंतर बोलावून तपासावे, गुण आला नसेल तर का आला नाही ते कार्डावर लिहावे, एवढेच त्यांचे म्हणणे. ‘अंतिम परिणाम’ या नावाने त्यांनी ते मांडले. मोठ्या रुग्णालयाला ते पटेना, तेव्हा १९११ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. आपण ज्याला नर्सिंग होम म्हणतो, तेवढेच. १९११ ते १९१६ या काळात तेथून ३३७ रुग्ण घरी गेले आणि कॉडमन यांनी त्यांच्या बाबतीत १२३ चुका झाल्याची नोंद केली. ज्ञान कमी पडले, निर्णय चुकला, काळजी कमी पडली, असे प्रत्येक चुकीचे कारणही लिहिले. आणि त्या चुका त्यांनी छापल्या. मंडळी, आपल्या रुग्णालयाच्या अहवालात छापल्या!

सहकाऱ्यांना हे रुचले नाही. १९१५ मध्ये एका सभेत त्यांनी शहरातील डॉक्टरांच्या धनलोभावर व्यंगचित्र दाखवले, तेव्हा तर गहजब झाला. उत्पन्न आटले, मानाची पदे गेली. १९४० मध्ये ते वारले, आणि त्यांच्या थडग्यावर दगड बसायला २०१४ साल उजाडले. व्यंगचित्र दाखवण्याची गरज नव्हती असे मला वाटते. माणूस थोडा तिरसट असावा. पण कार्डाची कल्पना सोळा आणे खरी होती.

विश्वस्तांपुढे माझी मागणी तेवढीच आहे. पुढील वार्षिक अहवालात एक पान उताऱ्याचे असावे. त्यासाठी संगणकप्रणाली नको, सल्लागार नको. घरी गेलेल्या प्रत्येक आंतररुग्णाला एक महिन्याने आणि एका वर्षाने फोन करावा. करणारी व्यक्ती त्याच्यावर उपचार केलेली नसावी. जखम भरली का? पूर्वीच्या कामाला लागलात का? या उपचारासाठी कर्ज काढावे लागले का, आणि ते फिटले का? आमच्याकडून काही चुकले का? मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक रकाना असावा : दुसरे मत कोणाचे घेतले. शय्याव्रण येथे आल्यावर पडला की येतानाच होता, हेही पहिल्याच दिवशी अंग उघडून पाहून लिहावे. म्हणजे पडला तर आपला, हे मान्य करावे लागेल.

धर्मादाय रुग्णालय म्हणून आपल्यावर आणखी एक जबाबदारी आहे. सार्वजनिक न्यास कायद्याखाली दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी आपण राखतो. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. त्या खाटा भरल्या, याचा आकडा आपण धर्मादाय आयुक्तांना कळवतोच. त्या खाटांवरच्या माणसांचा उतारा वेगळा काढून पाहावा, अशी माझी विनंती आहे. तो बाकीच्या खाटांएवढाच निघाला, तर देणगीदारांना सांगण्यासारखी त्याहून मोठी गोष्ट नाही. कमी निघाला, तरीही तो छापावा.

अडचण ऊसतोड कुटुंबांची आहे. फोन बदलतात, गाव बदलते. मुकादमाचा क्रमांक घेऊन उपयोग नाही, कारण बाई मुकादमाच्या फोनवर खरे बोलणार नाही. तिच्या गावच्या आशा कार्यकर्तीचा क्रमांक दाखल होतानाच लिहून घ्यावा. मी तसे दोन-चार फोन करून पाहिले आहेत. एकीने मला विचारले, “बाई, पैसे राहिलेत का माझे?” रुग्णालयातून फोन येण्याचे दुसरे कारण तिला ठाऊक नव्हते. पैसे राहिलेले नाहीत, प्रकृती विचारायला फोन केला, हे पटवण्यातच पहिली पाच मिनिटे गेली. मग ती पाऊण तास बोलत होती.

दोनशे पानांची एक वही मी रकाने आखून बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर ती मुख्य परिचारिकांच्या हाती देईन. गाळप हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश आहे. पहिल्या टोळ्या येण्यापूर्वी फोन कोणी करायचे, तेवढे विश्वस्तांनी ठरवून द्यावे.